आईच्या खोलीतला वास

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या कमरेचं ऑपरेशन नीट झालं आणि तू घरातल्या घरात चालायला लागलीस, हे भाऊजींकडून कळलं. बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी भावजय सकाळी सातला शिवणकामाच्या कारखान्यात जाते, त्यामुळे आईचं सकाळचं सगळं माझ्याकडे. रंगकामावर मी आता दहानंतर जातो, तेव्हापासून ती येईपर्यंत शेजारच्या काकू आईपाशी असतात. मालक कुरकुरतो, कुरकुरू दे.

आईला आमच्याकडे येऊन पाच महिने होतील. तू चार वर्षं केलंस, त्यापुढे हे काहीच नाही. पण पुढच्या महिन्यात तिला परत न्यायचा तुझा विचार आहे असं भाऊजी म्हणाले, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस, तेही आहेच.

आधी कामाचं लिहितो. पहिल्या महिन्यात दार उघडलं की लघवीचा वास अंगावर यायचा. मी फिनाईल ओतलं, सुगंधी फवारे मारले, कोपऱ्यात लिंबाची सालं ठेवली. वास गेला नाहीच, उलट लिंबाचा आणि लघवीचा मिळून तिसराच एक तयार झाला. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारू नका म्हणून गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतोय, आणि घरी नेमकं तेच करत होतो.

आता जे करतो ते दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलेलं. (दवाखान्याचं पुढे लिहितो.) ओली चादर आधी गार पाण्यात खळबळायची, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास, मग साबण. एकदम गरम पाण्यात टाकली की वास कापडात मुरून बसतो. गादीवर प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर सुती चादर. काढलेला डायपर कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत, आणि बादली त्याच दिवशी रिकामी. अंग कोमट पाण्याने पुसायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, मग मलम. दर दोन तासांनी तिला संडासात नेऊन बसवायचं, लागलेली असो वा नसो. एकदा आठ दिवस मी फरशी घासून घासून दमलो, आणि वास येत होता तिच्या खुर्चीवरच्या उशीतून! उशी टाकून दिली.

तुला हे सगळं येत असणार. तू काही करतच नाहीस, असं मला तेव्हा वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडून निघताना जिन्यात मी बायकोला म्हणालो, “ताईच्या घरात बसवत नाही. एवढा वास! आईला स्वच्छ ठेवायला काय होतं हिला?” तू आमची विसरलेली छत्री घेऊन मागे उभी होतीस. छत्री हातात दिलीस आणि दार लावून घेतलंस. तेव्हापासून तू बोलली नाहीस, आणि मीही “तिलाच राग फार” असं सगळ्यांना सांगत फिरलो.

आता दवाखान्याचं. भाऊजींना मी ‘जरासा ताप होता’ एवढंच सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नाही.

डिसेंबरात रोज तीन-तीन चादरी निघायच्या. मी कंटाळलो होतो. एके दिवशी आईसमोरच बायकोला म्हणालो, “हिला पाणी कमी देत जा, म्हणजे भिजणं कमी होईल.” बायको म्हणाली, “असं चालतं का?” मी म्हटलं, “दोन दिवस करून तर बघ.” दोनाचे दहा झाले. चादरी कमी झाल्या, पण वास जास्तच उग्र झाला. मी आणखी फिनाईल ओतलं. मग एका सकाळी आईला थंडी वाजून ताप भरला आणि तिने मला ओळखलंच नाही. “रंगारी आलाय का? त्याला चहा द्या,” म्हणाली.

लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. तीन दिवस ॲडमिट ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, “दिवसाला पाणी किती पितात?”

मी म्हणालो, “पिते की. भरपूर.”

त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मीच पीत नाही हो. मला तहानच लागत नाही. हा बिचारा मागे लागतो.”

ताई, तिला सगळं ठाऊक होतं. तिच्यासमोरच तर बोललो होतो मी.

डॉक्टरीणबाई बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या मागे जाऊन खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पुष्कळ लोक असंच करतात. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, वास वाढतो, संसर्गही सोपा होतो. उद्यापासून पाणी मोजून द्या.” तसं देतो. दिवसभरात सहा ग्लास, थोडं थोडं करून.

परवा अंग पुसताना आईने विचारलं, “माझा वास येतो का रे?” मी म्हटलं, “येतो थोडा. हे झालं की जाईल.” ती म्हणाली, “ताई नेहमी नाही म्हणायची. बिचारी किती खोटं बोलली माझ्यासाठी.”

हे वाचून तू तिला लगेच न्यायला आलीस तर मी अडवणार नाही. पण माझं विचारशील तर तिला इथेच राहू दे. तुझ्या कमरेला उचलणं-धरणं झेपणार नाही, आणि मला आता काम येतं. ये, चार दिवस राहा, आईच्या खोलीतच झोप, मग ठरव. माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही.

पत्र आईला वाचून दाखवलं. पाण्याचं आलं तसं म्हणाली, “हे कशाला लिहिलंस? तिला उगाच त्रास.” मी म्हटलं, “झालं ते लिहिलं.” मग म्हणाली, “बरं, राहू दे. आणि लिही, कमरेला पट्टा बांधल्याशिवाय गाडीत बसू नकोस म्हणावं.”

तेवढं ऐक तिचं.

तुला नावं ठेवायला ज्याला तोंड उरलं नाही, तो,
तुझा धाकटा भाऊ