पाणी तापलं

मंगळवार, मे महिना. पिंप्राळा.

सकाळपासून वीज नाही. दुपारी फिशटँकमध्ये हात घातला, तर पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. हवेचा पंप बंद, आणि सगळे गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते. ती तोंडं डोळ्यांपुढून जात नाहीत.

आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अर्धं अंग गेल्यापासून त्यांची खाट टँकपाशीच आहे. आमच्याशी फारसं बोलत नाहीत, माशांशी मात्र दिवसभर अहिराणीत बोलतात. मी बर्फ टाकणारच होते, पण आधी माशांच्या दुकानवाल्याला फोन केला.

"ताई, बर्फ थेट टाकू नका," तो म्हणाला. "पाणी एकदम गार झालं तर मासे धक्क्यानेच मरतील. तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते. मगाने पाणी काढून वरून ओतत राहा, बर्फ पिशवीत बांधून तरंगत ठेवा."

तसंच केलं. हात भरून आले तरी ओतत राहिले. बर्फ बघता बघता विरघळला. तोंडं तशीच उघडत, मिटत होती, आणि एकेक मासा आडवा होत गेला. आणखी काय करायला हवं होतं? सुचत नाही.

संध्याकाळी, सगळे गेले का, असं आबांनी विचारलं, "बठ्ठा गयात का वं?"

"एक शे, आबा." एकच मासा अजून तोंड उघडत होता.

त्यांनी त्या एकाकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे मान वळवून म्हणाले, "त्याले बी कसाले जगाडस?"

त्यालाही कशाला जगवतेस, हे ते कुणाबद्दल म्हणाले, विचारायची माझी हिंमत झाली नाही.