बाटली नंबर एकोणतीस

३ मार्च, मंगळवार
पेशी मोजायचं यंत्र पुन्हा बंद! दुरुस्तीवाला म्हणतो गुरुवारी येतो. हातातला नमुना काय गुरुवारपर्यंत थांबणार? शेवटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हातानंच मोजल्या. दोन तास. मान धरली.

नमुना नव्या पेशंटचा. बस ड्रायव्हर, वय एक्केचाळीस. पायाला जखम झाली, ती अंगावर काढली, विष रक्तात भिनलं. सेप्सिस. दुखणं पायाचं आणि बंद पडली फुप्फुसं. आपल्याच पांढऱ्या पेशी चवताळून तिथे घुसतात आणि घरच जाळतात — चोर सोडून संन्याशाला फाशी. फुप्फुस धुतलेल्या पाण्यात शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी त्याच. श्वास यंत्रावर.

४ मार्च, बुधवार
ड्रायव्हर आमच्या चाचणीत आला. नंबर एकोणतीस. आमचं औषध या पेशींना फुप्फुसात शिरू देत नाही. उंदरांत झकास चाललं. आता साठ माणसं — निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, बाटल्या हुबेहूब. कुठल्या नंबरात काय, ती यादी देखरेख समितीकडे कुलपात. मला माहीत नाही, आमच्या प्रमुखांनाही नाही. (त्यांना सगळे मागून ‘सबुरी’ म्हणतात. दुसरा शब्द येत नाही त्यांना.)

सही त्याच्या बायकोनं केली. शिवणकाम करते. पेन हातात धरून तिनं विचारलं, "मॅडम, ह्यांच्या बाटलीत नुसतं पाणी निघालं तर?" बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच, असं मी म्हटलं. खरं आहे ते. पण तिच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

६ मार्च, शुक्रवार
सव्वीस नंबर गेल्या. ग्रंथपाल होत्या.

९ मार्च, सोमवार
ड्रायव्हरच्या पेशी अठ्ठ्याऐंशीवरून एकतीसवर! तीनदा मोजल्या. हे औषधच. दुसरं काय असणार?

धावत सबुरींकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, घडी घालून परत दिला. एका पेशंटवरून नाचू नका म्हणाले. नाचतंय कोण? तिकडे माणसं मरताहेत आणि आपण पाण्याच्या बाटल्या टांगतोय, हे सांगायला गेले होते. दार आपटून आले. आपटायला नको होतं. पण आपटलं.

११ मार्च, बुधवार
ड्रायव्हरची श्वासाची नळी निघाली. आवाज घोगरा, पण बोलला. आधी बस कुणी डेपोत लावली ते विचारलं म्हणे.

बायकोनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या औषधानं वाचले हो." कोणाला काय मिळालं ते आम्हाला माहीत नसतं, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. हसले नुसती.

दुपारी एकतीस नंबर गेला. सुतार होता. फुप्फुसं पार पाण्यानं भरलेली. त्याच्या वाट्याला मिठाचं पाणी आलं असणार, दुसरं काय! डोक्यात तिडीक गेली. बसले आणि थेट समितीला पत्र लिहिलं: यादी उघडा, उरलेल्यांना औषधापासून वंचित ठेवणं हा अन्याय आहे. सबुरींना न विचारता पाठवलं.

१२ मार्च, गुरुवार
जेवताना सासूबाईंना सांगून टाकलं. आयुष्यभर गणित शिकवलं त्यांनी. म्हणाल्या, "अगं, उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर असतेच असं नाही." मी ताट उचलून आत गेले. घरीपण सबुरीच!

दुरुस्तीवाला याही गुरुवारी आला नाही.

१४ मार्च, शनिवार
सबुरींना कळलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. समोर बसवून हळू आवाजात एवढंच म्हणाले, "पत्र माझ्याकडे आणलं असतंत, तर मीही सही केली असती. यादी लवकर उघडावी असं मलाही वाटतं." का वाटतं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही — तोऱ्यात होते.

समिती गुरुवारी बसणार.

१७ मार्च, मंगळवार
चौतीस नंबर आली. सव्वीस वर्षांची, बाळंत होऊन आठ दिवस. ताप अंगात मुरला. बाळ तिच्या आईकडे. नवरा दाराच्या काचेला कपाळ टेकून उभा असतो, हलत नाही.

गुरुवार म्हणजे अजून दोन दिवस. कसले नियम हे? तिची बाटली टांगताना मनात एकच — देवा, हिच्या बाटलीत औषध असू दे.

१९ मार्च, गुरुवार
यादी उघडली. ड्रायव्हरला मिठाचं पाणी होतं. तो आपला आपणच बरा झाला. औषध होतं ग्रंथपालबाईंना. सुताराला. गेलेल्या अकरांपैकी नऊ जण औषधाचे. पेशी अडवल्या, आणि जंतूंना रान मोकळं झालं. सबुरींना यादी का उघडायची होती, ते आता कळलं.

चाचणी बंद. माझ्या पत्रामुळे महिनाभर आधी बंद झाली, असं समितीवाले म्हणाले. आभार मानले माझे!

चौतीस नंबरची बाटली मी स्वतः जाऊन काढली. औषधच होतं. अर्धी उरली होती.