धरणीधर उडाला

लालबाग, रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

धरणीधर उडाला! दुपारपासून खोलीत दुसरा विषय नाही.

गाववाल्यांच्या या खोलीत रविवारी साप्ताहिकातली चित्रकथा मी मोठ्याने वाचतो. बहुतेकांना अक्षरओळख नाही. पाटावर अंक, शेजारी उदबत्ती – पोथीची सवय, दुसरं काय! धरणीधर म्हणजे आमच्यातलाच एक. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. पाय मातीला टेकले की अंगात हत्तींचं बळ. पाय सुटले की संपलं.

आता चित्रकार बदलला. त्याने घोंगडी काढून घेतली. अंगाला चिकटलेला पोशाख, तोंडावर मुखवटा, पायांत बूट! आणि शेवटच्या चौकटीत तो ढगांच्याही वर. खाली समुद्र, गलबतं तांदळाच्या दाण्याएवढी. माझं बोट त्या चित्रावर थांबलं ते हलेचना. भीतीच वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

उत्तम माग चालवतो, आमच्यात सर्वांत तापट. तो माझ्यावरच उसळला, "तात्यानू, ह्यो वेश म्हणायचो? मातीक पाय नाय, तर ताकद येतली खयसून?"

"बुटांतसून!" – खोलीतलाच रघू.

सुंदराबाई, जिच्या खानावळीतून आम्हाला जेवण येतं, ती रिकामे डबे न्यायला आली होती. वाकून चित्र बघितलं आणि म्हणाली, "लंगोट विजारीच्या वर घातल्यान! घाईत निघालो वाटता बापडो." सगळे इतके हसले की उदबत्तीची राख अंकावर सांडली.

बुधाजी तेवढा हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होता.

सोमवार, ४ फेब्रुवारी

बुधाजीचा माग उत्तमच्या शेजारचा. होता. गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबारात उजव्या पायाला गोळी लागली, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम केव्हाच भरली. इस्पितळाने दिलेल्या कुबड्यांना त्याने हातही लावलेला नाही. "माका गावाक धाडा" – बोलणं एवढंच. गावी म्हातारी आई, तिलाच धरून चालवावं लागतं. तिथे जाऊन पडला की हा पुन्हा उठायचा नाही. आम्ही सगळे जाणतो. बोलत कोणी नाही. १९ तारखेच्या मंगळवारी माझगावच्या धक्क्यावरून त्याची गावची बोट आहे.

बुधवार, ६ फेब्रुवारी

उत्तम जेवतानाही धरणीधरावरच. "आता देवाकच सांगूक व्हया!"

रविवार, १० फेब्रुवारी

नव्या अंकातही उड्डाण. उत्तम हट्टालाच पेटला – "गाऱ्हाणा घाला, तात्यानू."

गावी पाऊस लांबला, गुरू हरवलं, की रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. चित्रातल्या माणसाच्या कपड्यांसाठी कोणी घातल्याचं ऐकलं नाही! पण मलाही जुनाच धरणीधर हवा होता. तसबिरीपुढे नारळ ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, आमच्या धरणीधराक तेची घोंगडी परत दी."

"व्हय म्हाराजा!"

"तेचे पाय मातीक लाव."

"व्हय म्हाराजा!"

"जेचे पाय मातीक नाय, तो गडी कसलो –"

"व्हय म्हाराजा!"

खोली दणाणली. मी डोळे उघडले. बुधाजी कोपरावर उठून माझ्याकडे बघत होता. त्याने हात जोडलेच नव्हते.

"तात्यानू," तो म्हणाला, "पाय मातीपासून सुटले की तो संपलो, असा तुमीच वाचायचात. गोळी लागली तेव्हापासून ताच माझ्या कानात. गेल्या रविवारी तो उडालो. वाटला, वरसुद्धा ताकद आसता. आणि तुमी सगळ्यांनी देवाक सांगून तेका खाली ओढलात."

पुन्हा भिंतीकडे वळला. नारळ फोडायचं धाडस कोणाला झालं नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

तो हसला नाही तेव्हा आम्ही समजलो, दुःखात आहे. तो ढगांत होता! एवढ्याशा खोलीत, आमच्या गलक्यात, एकटा वर गेला होता. कोणाला कळलंही नाही. पोथ्या वाचण्यात जन्म गेला, पण ऐकणाऱ्याच्या आत काय घडतं याचा पत्ता मला नाही.

आणि वेशासाठी भांडलो! देवाला रोजचा वेश वेगळा, पालखीचा वेगळा. देव तोच का, असं आम्ही कधी विचारलं?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

उत्तम गिरणीतून आला, आंघोळ केली आणि ओलेत्यानेच तसबिरीपुढे उभा राहिला. कोणाला बोलावलं नाही.

"देवा म्हाराजा, रविवारी आमी मागला ता दिव नको. तेका उडूंदे."

होकार भरायला कोणी नव्हतं. मी दारातच थबकलो होतो. उत्तम तसाच उभा. पाणी टपकत होतं.

मग कोपऱ्यातून हळूच आलं – "व्हय म्हाराजा."

बुधाजी! नारळ उत्तमने फोडला. खोबरं मी वाटलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

आज वाचन नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीची प्रचारफेरी चाळीखालून गेली, खोली रिकामी झाली. मी कठड्याशी उभा होतो. हजारो डोकी, आणि त्यांच्या वर एक माणूस उत्तमच्या खांद्यांवर – दोन्ही हात आभाळात, घोषणा त्याचीच सर्वांत मोठी. बुधाजी! मी नकळत हात जोडले.

संध्याकाळी सुंदराबाईने विचारलं, "मंगळवारी बोटीर डबो देऊ मा रे?"

"डबो कशाक?" बुधाजी म्हणाला. "हयच जेवतलंय."