माझे चौऱ्याण्णव गुण कमी करून मला परीक्षेस बसू देण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव (परीक्षा),
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : व्यवसाय व्यवस्थापन पदव्युत्तर अभ्यासक्रम (अंशकालीन, नोकरदारांसाठी), सत्र सहावे. परीक्षा अर्ज स्वीकारणे व सत्र पाचमधील प्रकल्पाचे गुण घटवणे याबाबत.

संदर्भ : १) ‘अर्जदार सेवेत नसल्याने अमान्य’ असा शिक्का मारून परत आलेला माझा परीक्षा अर्ज.
२) खिडकी क्रमांक चारशी वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की,

१. मी वॉशबेसिन व कमोड तयार करणाऱ्या एका कारखान्यात एकोणीस वर्षे माल रवानगी पर्यवेक्षक होतो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्या विद्यापीठात प्रवेश घेतला. पाच वाजता कारखाना सुटला की हातापायांवरची पांढरी भुकटी झटकून साडेसहाच्या तासाला बसायचे, असा अडीच वर्षांचा क्रम आहे. या काळात माझी गैरहजेरी दोन दिवसांची असून ती मुलीच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे झालेली आहे.

२. पाचव्या सत्रात प्रकल्प करावा लागतो. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “बाहेरचं काही शोधू नका. रोज ज्या गोष्टीने तुमचं डोकं उठतं, तीच घ्या.” माझे डोके कारखान्याच्या फाटकाशी खोळंबणाऱ्या मालाच्या ट्रकांनी उठत असे. सबब मी महिनाभर घड्याळ घेऊन फाटकाशी उभा राहिलो. माल भरून झाल्यावर कागदावर सात सह्या लागतात व तोवर गाडी सरासरी एक तास चाळीस मिनिटे उभी राहते, असे आढळले. ड्रायव्हर मंडळी या वेळात झोपतात, उठतात, दाढी करतात. सातपैकी एक सही काढली तर कोणाचेही काही अडत नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रश्न एवढाच उरला की, कोणाची?

३. हा परिच्छेद आपल्या कार्यालयाबाहेर जाऊ नये, ही कळकळीची विनंती. अनावश्यक सह्या खरे तर दोन होत्या. एक माझी आणि दुसरी वजनकाट्यावरच्या मामांची. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षे आहेत. मामी गेल्यापासून ते रविवारीसुद्धा कारखान्यात येऊन बसतात व काट्यावर स्वतःचे वजन करून घरी जातात. त्यांची सही अनावश्यक आहे, असे टंकलिखित करायला माझा हात धजला नाही. म्हणून अहवालात मी फक्त माझी लिहिली. घरी वाचून दाखवल्यावर पत्नी म्हणाली, “सात जणांत तुम्हाला स्वतःचीच सापडली?” मी तिला संशोधनातील प्रामाणिकपणावर दहा मिनिटे सांगितले. ती मध्येच कुकर बंद करायला गेली व परत आली नाही.

४. प्रकल्पास शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण मिळाले. आपल्या नियमानुसार अहवालाची एक प्रत मालकांकडे गेली. आमचे मालक दोन ओळींपेक्षा मोठे पत्र वाचत नाहीत, असा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी बहात्तर पाने वाचली. मला बोलावून, खुर्ची देऊन ते म्हणाले, “फार सुंदर लिहिलंयस. मलाही बरीच वर्षं वाटायचं, पण तुला सांगायचं कसं? आता विद्यापीठच म्हणतंय म्हटल्यावर माझा इलाज नाही.” महिनाअखेरीस माझे पद रद्द झाले. निरोप समारंभात मालकांनी अहवाल उंच धरून सर्वांना दाखवला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

५. यानंतर सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्यास गेलो असता खिडकी क्रमांक चारवरील ताईंनी सेवेत असल्याचा दाखला मागितला. प्रवेशापासून अंतिम परीक्षेपर्यंत विद्यार्थी नोकरीत असला पाहिजे, असा नियम असल्याचे त्यांनी दाखवले. मी म्हटले, “ताई, तुमच्याच प्रकल्पामुळे नोकरी गेली.” त्या म्हणाल्या, “मग आता तुम्हाला वेळच वेळ आहे की. पूर्णवेळ कोर्सला या.” सूचना चांगल्या मनाने केलेली होती, म्हणून माझी तक्रार नाही. मात्र तेथे पुन्हा पहिल्या सत्रापासून बसावे लागते.

दरम्यान मॅडमनी माझा अहवाल पहिल्या सत्रास ‘यशस्वी उदाहरण’ म्हणून शिकवायला घेतला आहे. जिन्यात मुले मला थांबवून विचारतात, “काका, ते पद रद्द झालेले तुम्हीच ना?” आमच्याही अंतर्गत चाचणीत प्रश्न आला, ‘सदर कारखान्याने पर्यवेक्षकाचे पद रद्द करावे काय? चर्चा करा.’ मी करू नये असे लिहिले. दहापैकी पाच गुण मिळाले व समासात शेरा आला, ‘उत्तर भावनिक. आकडेवारीचा आधार हवा.’ शेजारच्या बाकावरील बँकवाल्या गृहस्थांनी करावे असे लिहिले, त्यांना साडेआठ मिळाले. वर त्यांनी मला चहा पाजला.

६. मी घरी बसल्यानंतर सतराव्या दिवशी कारखान्यातून दोन गाड्या अगदी वेळेवर सुटल्या. एक बालवाडीकडे जायची होती, दुसरी वृद्धाश्रमाकडे. कागद उरलेल्या सहा सह्यांनी परिपूर्ण होते. माल अदलाबदल झाला. वृद्धाश्रमात प्लंबर त्याच दिवसापुरता आलेला असल्याने त्याने मिळाले ते बसवून टाकले. बालवाडीच्या मापाच्या त्या बुटक्या कमोडवर एक आजोबा बसले, त्यांना उठवायला दोन माणसे लागली. तिकडे बालवाडीत हात धुवायला मुलांना एकेक करून उचलावे लागले व बाईंची पाठ धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. “तू येत जा रे. सही करू नकोस, पद वगैरे काही नाही, नुसता बघत जा.” त्या दिवसापासून मी रोज फाटकाशी उभा राहून बघतो. हजेरीपुस्तकात माझे नाव नाही. मामा मला आपल्या स्टुलावर बसायला देतात.

७. आता गुणांविषयी. बघत उभा असताना मला माझी चूक कळली. अहवालात मी ‘पर्यवेक्षकाची सही : अकरा मिनिटे, निव्वळ अपव्यय’ असे लिहिले होते. सही करायला मला चार सेकंद लागत. बाकीचा सगळा वेळ मी गाडीत चढून खोकी मोजत असे, चिठ्ठ्या वाचत असे, गवताचे अस्तर नीट आहे का ते चाचपत असे. एकोणीस वर्षे केलेले हे काम मलाच काम वाटले नाही, म्हणून त्याला रकाना दिला नाही. घड्याळ लावून मी स्वतःकडे पाहिले आणि मला फक्त सही दिसली. ज्या विद्यार्थ्याला आपण काय करतो हे बहात्तर पानांत सापडत नाही, त्याला चौऱ्याण्णव गुण देणे विद्यापीठास शोभणारे नाही. आपण योग्य तेवढे कमी करावेत. पन्नासच्या खाली गेल्यास मी नापास होईन, हे कृपया लक्षात असू द्यावे.

मॅडमना हे सांगितले. त्यांनी अहवालाचे पान एकेचाळीस उघडून तक्ता पाहिला. मग म्हणाल्या, “मीही विचारलं नाही की उरलेल्या वेळात तुम्ही काय करता. पुढच्या सोमवारी वर्गात येऊन हे सांगाल?” मी होकार दिला आहे.

८. दाखल्यासाठी मालकांकडे तीनदा गेलो. ‘सेवेत आहे’ असे लिहून दिले तर पद रद्द करण्यात आपली चूक झाली असे दिसेल, म्हणून ते तयार होईनात. अखेर काल त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात दोन ओळी दिल्या : ‘हे गृहस्थ आमच्याकडे नोकरीस नाहीत. ते रोज आठ वाजता येतात आणि त्यांनी बघितल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही.’ खिडकी क्रमांक चारवरील ताईंनी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या व पहिल्या ओळीच्या आधारे अर्ज परत केला.

तरी आपण दुसरी ओळ वाचावी, एवढीच माझी विनंती आहे. परीक्षा येत्या सोळा तारखेपासून आहे. त्या दिवशी मालकांनी मला सुट्टी दिली आहे. नोकरीत नसलेल्या माणसाला सुट्टी कशी देता, असे मी विचारले नाही. साडेदहा वाजता मी पेन घेऊन परीक्षागृहाच्या दाराशी हजर राहीन. आत घ्यायचे की बाहेर उभे ठेवायचे, ते आपण ठरवावे.

कळावे.

आपला आज्ञाधारक व तूर्त बघत असलेला,
(सही)
माजी माल रवानगी पर्यवेक्षक,
विद्यार्थी, सत्र सहावे
दिनांक : चालू महिन्याची दोन तारीख

सोबत :
१) शिक्का मारलेला परीक्षा अर्ज.
२) प्रकल्प अहवाल, पाने बहात्तर. (पान एकेचाळीसवरील तक्ता चुकीचा आहे.)
३) मालकांच्या दोन ओळी, मूळ प्रत. कृपया परत मिळावी, पत्नीला दाखवायची राहिली आहे.