मेसचे साडेतीन हजार

आगाशी,
१४ मे २०२५

ती. प्रेमलताताईस सा. न. वि. वि.

आज सकाळी केळीचे दोन घड उतरवले. साडेदहाला बँकेत गेलो, साडेबाराला परत आलो. वाडीत पाणी सोडलं. उमंग गॅरेजमध्ये आहे.

फोन न करता लिहितो, कारण फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्टी घालतं आणि मलाही बोलणं नीट जमत नाही.

उमंगला चंदनसारच्या मेलरॉयच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं झाली. पगार चौदा हजार. आता त्याला पुण्याला मोटार दुरुस्तीचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा आहे. त्यात बॅटरीच्या गाड्याही शिकवतात. पुढे बावीस हजारांवर लागेन म्हणतो.

मी मांडून पाहिलं. फी एक लाख ऐंशी हजार, ती कर्जाने. वसतिगृह महिना अडीच हजार, मेस साडेतीन हजार, दोन वर्षांचे एक लाख चव्वेचाळीस हजार. शिवाय दोन वर्षं पगार बुडणार, ते तीन लाख छत्तीस हजार. एकूण सहा लाख साठ हजार. पुढे महिन्याला आठ हजार जास्त मिळाले, तरी नुसतं बरोबरीला यायला सात वर्षं. व्याज वेगळंच.

मी त्याला अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. जूनअखेर पैसे भरायचे आहेत. तू बँकेत होतीस, एकदा नजर टाक.

राधिकाला जाऊन परवा आठ महिने झाले. बाकी सगळं ठीक. आशीर्वाद असू दे.

तुझा,
गुरुदत्त


चिंचणी,
२१ मे २०२५

चि. गुरुदत्तास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून शाळेच्या पगारपत्रकासारखंच आहे, बघून बरं वाटलं. पण तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाने असा हिशेब पाठवावा?

बेरीज बरोबर आहे. वजाबाकी केलीच नाहीस. उमंग पुण्यात जेवणार म्हणून मेसचे साडेतीन हजार धरलेस. मग आगाशीला तो काय हवा खाऊन राहतो? मार्चमध्ये इथे आला तेव्हा तांदळाच्या सात भाकऱ्या मी स्वतः वाढल्या आहेत, आणि आठवी त्याने लाजून परत केली. ते घरचं जेवण वाचणार ना? ते वजा कर. आणि त्या कोर्समध्ये शेवटी कंपनीत काम करायला पाठवतात, तेव्हा हातात काही देतात का, ते उमंगला मला लिहायला सांग. त्याने स्वतः लिहायचं, तू नाही.

कर्ज म्हटलं की तू उपास धरल्यासारखं तोंड करतोस. तसं करू नकोस. वाडीतले सोनचाफे फुलले असतील, त्यांची कलमं मला हवी आहेत.

तुझी,
ताई


आगाशी,
२ जून २०२५

ती. आत्यास सा. न.

पप्पांनी कागद समोर ठेवला आणि आत्याने मागितलंय, लिही म्हणाले. म्हणून लिहितो. हसू नकोस.

शेवटचे सहा महिने कंपनीत काम असतं, महिना दहा हजार देतात. मी मेलरॉय अंकलनाही विचारलं. ते म्हणाले, माझ्याकडे राहिलास तर अठराच्या वर कधी जाणार नाहीस, मीच घरी धड पंचवीस नेत नाही. गेल्या आठवड्यात फुलपाड्याहून एकाची बॅटरीची गाडी आली होती. अंकलनी आणि मी बोनट उघडलं, पाच मिनिटं देवदर्शन केल्यासारखे उभे राहिलो आणि बंद केलं. गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून मला जास्तच जावंसं वाटतंय.

पण एक गोष्ट फक्त तुला सांगतो. मम्मी गेल्यापासून पप्पा कोणाशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात ती तीन वाक्यं. जेवलास का, हेल्मेट घेतलंस का, पेट्रोल आहे का. मी गेलो तर ती कुणाला विचारतील? मीच नको म्हणतो, म्हणजे त्यांना नाही म्हणावं लागणार नाही. तू काय म्हणतेस ते लगेच कळव.

तुझा लाडका (सात भाकऱ्या विसर),
उमंग


आगाशी,
६ जुलै २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी सहाला उमंगला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. पाऊस नव्हता. पेटी जड होती.

तू त्याला काय लिहिलंस ते त्याने दाखवलं नाही. पण ते वाचून तो वाडीत माझ्यामागे आला आणि मी गेलो तर तुम्ही इथे काय कराल, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, आतापर्यंत काय करत होतो ते. मग दोघे बांधावर बसलो. त्याने तुला लिहिलेलं मला स्वतःच सांगितलं. मी पण सांगितलं. आम्ही एवढं बोललेलो मला आठवत नाही.

त्याला जे सांगितलं तेच तुला लिहितो. घरचं जेवण वजा करायला मी विसरलो नव्हतो. ती ओळ लिहिली होती आणि खोडली. वजा करायचं म्हणजे यापुढे घरात एकाचंच जेवण धरायचं. ते लिहवेना. हिशेब त्यामुळे खोटा झाला, आणि त्याच्यावर मी त्याचं जाणं ठरवायला निघालो होतो.

आता नीट केला आहे. जेवणाचे चौऱ्याऐंशी हजार आणि कंपनीचे साठ हजार वजा जाऊन पाच लाख सोळा हजार राहतात. साडेपाच वर्षं. तो तेविसाचा आहे, त्यापुढे बरीच वर्षं त्याची आहेत. कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होईल, महिना चार हजारांच्या आसपास, तो उमंग भरेल. तोवरचं व्याज मी पेन्शनमधून देत जाईन, म्हणजे रक्कम वाढणार नाही. जन्मात पहिलं कर्ज. सही करताना हात थांबला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

आत्ताच त्याचा फोन आला. पोहोचला. जेवलात का म्हणून त्याने मला विचारलं.

मी बरा आहे, हे तुला काळजी वाटू नये म्हणून लिहीत नाही. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून ठेवले आहेत. ते सोलायला बसतो.