देवीच्या आधीचा घास

आई, काल तोरण्यावर जाऊन आले. सोबत पुण्याची आठ-दहा माणसं होती. बिनी दरवाज्याखालच्या खडकाशी मी सगळ्यांना थांबवलं. दंडावर चिकटवलेला सेन्सर आता माझी साखर मोबाईलवर दाखवतो आणि ती घसरायला लागली की मोबाईल कोकलतो. मी सरळ सांगितलं, मला लहानपणापासून टाईप वन मधुमेह आहे, गूळ खाऊन थोडा वेळ बसणार, मग निघू. एकजण घड्याळात बघत होता. बघू दे म्हटलं, मला थांबायला याच खडकावर शिकवलंय.

वेल्ह्यातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. गडावर जाणाऱ्यांना तू पिठलं-भाकरी करून घालायचीस, परत आले की त्यांच्या सोललेल्या ढोपरांना हळद लावायचीस. कोपऱ्यात ओल्या वाळूतल्या मडक्यात माझी इन्सुलिनची बाटली, कारण वीज कधी जाईल याचा नेम नाही. सुई मी टोचून घ्यायचे आणि तोंड तू फिरवायचीस. एकदा मी पोरांबरोबर गावामागचा कडा चढले, तर तू लाटणं घेऊनच आलीस. गड काय पळून चाललाय का, म्हणालीस. तुला भीती होती की वर कुठंतरी साखर उतरेल आणि तू खाली भाकऱ्या थापत बसलेली असशील. मला भीती एकच, की तू मला कधीच वर सोडणार नाहीस.

मग ते नवरात्र. मेंगाईला नैवेद्य घेऊन तू आणि काकू निघालात. मी इतकं रडले की मलाही न्यावं लागलं. नैवेद्याच्या बाबतीत तू महाकडक. घरात पुरणाचा नुसता वास मोठ्यानं घेतला तरी रागवायचीस. माझ्यासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा वाटेत माकडानं पळवला, आणि खडकाशी येता येता माझे हात कापायला लागले, घामानं झगा भिजला. काकू म्हणाली, "आक्का, पोरीला खाली न्या. हे काय हिचं काम न्हाई." मला वाटलं, संपलं. आता जन्मभर अंगणातूनच गड बघायचा.

तू नैवेद्याचा पितळी डबा उघडलास. देवीचा गूळ माझ्या तोंडात कोंबलास. काकू "उष्टं झालं" म्हणून कळवळली, तेव्हा तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. "देवी थांबंल. हिची साखर न्हाई थांबायची." मग मला मांडीवर घेऊन बसलीस. तुझ्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येतोय, तू पदरानं माझी मान पुसतेयस, आणि माझं कापणं हळूहळू कमी होतंय. मला जरा बरं वाटल्यावर तू अर्धी पुरणपोळीही मोडून दिलीस. काकू खालच्या वाटेला लागलीसुद्धा होती. तू उभी राहिलीस, डबा काखेत मारलास आणि वरच्या वाटेला वळलीस.

"चल. वर जाऊन देवीला सांगू, पोरगी आदी जेवली."

आज मी लोकांना दोरावर कडे चढायला शिकवते, ते त्या एका वाक्यावर. तू गेल्यावर कितीतरी जणांनी मला काळजीनं खाली न्यायला बघितलं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण बसवून, खाऊ घालून पुन्हा वर नेणारी तू एकटीच निघालीस.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. काल मेंगाईच्या देवळाशी पोचले तेव्हा साखर झकास होती, मोबाईलवर दिसत होती. तरी नैवेद्याचा डबा उघडला आणि देवीच्या आधी पोळीची कड मोडून खाल्ली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी पुरणपोळी तुझ्यासारखी झाली होती, आई. देवीला मात्र मी साखर उतरल्याचंच सांगितलं.