माझ्या दहाव्याला कोणी काय सांगावे

मी भगवान पोशा घरत, वय अठ्ठ्याहत्तर, मूळचा जासईकडचा, हल्ली राहणार पनवेल, शाळा चौथीपर्यंत, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. एक जादा प्रत निशाकडे दिली आहे, कारण या घरात कागद राहत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी पाजलेले नाही. छातीत दोनदा दुखून गेले, म्हणून घाई आहे.

१. पनवेलची दोन खोल्यांची जागा मुलगा मितेश व मुलगी निशा यांना निम्मी निम्मी. निशाने हक्क सोडू नये. ती सोडायला निघेल, मी तिला ओळखतो.

२. बँकेतील ठेव निशाला. तिच्या आईचे, म्हणजे वेणूचे, आजारपण तिनेच काढले. मितेशने तोंड पाडू नये.

३. फावडे, कुदळ व मीठ ओढायची लाकडी फळी वाडीवरच्या मंगळीच्या मुलाला, भरतला. तो ती वापरील. मितेश भिंतीवर शोभेला टांगील.

४. गावच्या घरातील माझा हिस्सा धाकटा भाऊ हिराजी याला, बिनशर्त. अट घातली तर तो तिचाही विनोद करील.

५. हे कलम वकील दिपिका मॅडमना नको होते. त्या म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, गोष्टी नाही." मी म्हटले, "मॅडम, मालमत्तेवरून माझ्याकडे कोणी भांडणार नाही. या गोष्टीवरून चोपन्न वर्षे चालू आहे."

आमच्यात दहाव्याला, पिंडाला कावळा शिवला की माईकवर मेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. माझ्याबद्दल एकच गोष्ट निघणार. तेव्हा मला मध्ये तोंड घालता येणार नाही, या विचाराने जेवण जात नाही.

गोष्ट अशी. १९७१ च्या श्रावणात, अमावास्येच्या दुपारच्या उधाणाला आमच्या भातशेतीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला. खांड पडली की बांध सोडायचा नाही, अंगाने पाणी अडवायचे आणि चिखल टाकत राहायचे, हा आमच्याकडचा नियम. बांधावर मी आणि हिराजी दोघेच होतो. मी पळालो. शेतात खारे पाणी शिरले आणि तीन वर्षे भात पिकले नाही.

हिराजी हे प्रत्येक हळदीला सांगतो. "आमचा भगवान आसा पलाला का मागं पानीच दमलं." सगळा मांडव हसतो, माझी सून आणि नातसुद्धा. त्याला माझी पाठ दिसली, म्हणून त्याच्या गोष्टीत मी पळतो.

मंगळी तेव्हा आमच्या शेतावर कामाला होती आणि बांधाखाली खोपीत राहत होती. तिला माझे तोंड दिसले, म्हणून तिच्या गोष्टीत मी येतो. ती म्हणते, "दादा वरडत आला, पानी आलं, पानी आलं. माझी माधुरी झोलीत होती. झोलीसकट उचलली न् देवलाच्या टेकाडावर नेली." एवढेच. पुढे काही जोडत नाही.

माझ्या छातीत दुखल्यावर मितेशने फ्लेक्सचा मजकूर करून ठेवला आहे. मी त्याच्या मोबाइलात वाचला. 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' असे त्यात आहे. विचारले तर म्हणतो, "अप्पा, थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडतं? लोकांना स्टोरी लागते." निशा सांगताना इतकी रडते की बुडालो मीच, असे ऐकणाऱ्याला वाटते. जागा दाखवून पटवावे तर तिथे आता कंटेनर रचले आहेत.

म्हणून लिहून ठेवतो. मी भिऊन पळालो. पर्वा फक्त माझ्याच जिवाची होती. 'पाणी आलं' हे भीतीने ओरडलो, कोणाला सावध करायला नाही. टेकाडाची वाट खोपीवरून जात होती. झोळी का उचलली ते मला अजून सांगता येत नाही. पण उचलली.

६. दहाव्याला आधी मंगळीने बोलावे. तिला विचारले आहे. म्हणाली, "मला माईक धरता येत नाय, दादा. मी बसून सांगन." तिला खुर्ची पुढे द्यावी, चपलांपाशी नको. फ्लेक्स लावू नये.

७. नंतर हिराजीने बोलावे. त्याची गोष्ट माझ्या पळण्यापर्यंत येते, लोक हसतात आणि तो थांबतो. मी पळून गेल्यावर बांधावर काय झाले, हे त्याने आजवर कधीच सांगितलेले नाही. तो सतरा वर्षांचा होता. छातीभर पाण्यात एकटा होता. मीही विचारले नाही. त्याच्या विनोदाचा राग धरून बसलो, ते सोयीचे पडले. तेवढे त्याने सांगावे. हसत सांगितले तरी चालेल.

हे सातवे कलम मी मेल्यावर लागू. त्याआधी हिराजी पनवेलला येऊन मलाच सांगून गेला, तर ते रद्द समजावे. मी दिवसभर घरीच असतो.

सही: भगवान पोशा घरत

वरील सही आमच्यासमोर झाली. सही करताना त्यांनी सगळा मजकूर दोनदा वाचून घेतला.

साक्षीदार १: चारुदत्त म्हात्रे, शेजारी
साक्षीदार २: देवेश ठाकूर, शेजारी

ठिकाण: पनवेल
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५